अलॉयला लॉक नट लावावेत का? आधी सांगा, गाडी रात्री कुठे उभी असते

प्रश्न पुण्यातल्या वाकडहून आला आहे. ह्युंदाई क्रेटाचं वरचं मॉडेल, १७ इंची डायमंड कट अलॉय, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिम. सोसायटीत एकच पार्किंग वाट्याला आलेलं, तिथे वडिलांची स्टील रिमची वॅगनआर असते, म्हणून क्रेटा रात्रभर कंपाउंडबाहेर रस्त्यावर. गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत एक गाडी सकाळी दगडांवर उभी सापडली, चाकं गायब. ॲक्सेसरीच्या दुकानात लॉक नटचा, म्हणजे खास चावीनेच उघडणाऱ्या चाकाच्या नटांचा, सेट साडेचार हजार सांगतात, ऑनलाइन नऊशेला दिसतो, सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर म्हणतो गरजच नाही. महिन्या-दोन महिन्यांनी रत्नागिरीला जाणं असतं. तर घ्यावेत का, आणि घेतले तर कुठले?

माझं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. लॉक नट बसवायला लोक येतात, आणि चावी हरवली म्हणून तेच नट तोडून घ्यायलाही येतात. दोन्ही कामं हाताखालून गेल्यामुळे या वस्तूबद्दल मला ना फार प्रेम आहे ना राग. तुमच्या बाबतीत माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. फक्त नऊशेवाले घेऊ नका. आणि पैसे घालवण्याआधी एक काम करून बघा, ज्याला दमडी लागत नाही: वॅगनआर बाहेर लावा आणि क्रेटा आत.

थट्टा करत नाही. स्टीलच्या रिमकडे आणि वॅगनआरच्या मापाच्या टायरकडे चाकचोर ढुंकूनही बघत नाही. वडिलांना पहाटे गाडी काढायची असेल, क्रेटा त्या पार्किंगमध्ये मावत नसेल, घरात यावरून वाद होणार असेल, तर ठीक, पुढचं वाचा. पण जमत असेल तर हाच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे आणि याची चावी हरवत नाही.

आता चोराच्या बाजूने बघू. चाकं चोरणारा एकटा क्वचितच असतो. दोघं-तिघं, एक गाडी, एक-दोन जॅक, पाना किंवा नट सोडवायची बॅटरीवरची गन, आणि आजूबाजूच्या बांधकामावरून उचललेल्या विटा नाहीतर दगड. सरावाची माणसं असली तर दहा-पंधरा मिनिटांत चारही चाकं निघतात. घाई असली तर रस्त्याच्या कडेची, झाडाच्या सावलीतली एकच बाजू रिकामी करतात. त्यांना हवी असते ती चटकन खपणारी रिम. स्विफ्ट, बलेनो, आय२०, टियागो या सगळ्यांची रिम चार नटांची, १०० मिलिमीटर पीसीडीची, म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास १००. क्रेटा, सेल्टॉस, ब्रेझा, इनोव्हा क्रिस्टा पाच नटांच्या, ११४.३ च्या. एका गाडीची रिम दहा मॉडेलांना चालते म्हटल्यावर गिऱ्हाईक शोधायला कितीसा वेळ लागणार? एवढी कॉमन रिम हातोहात जाते. मेरठचा सोतीगंज बाजार याच धंद्यावर देशभर बदनाम झाला होता. गाड्या सुट्या करून विकायचे. २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांच्या कारवाईनंतर तो बंद पडला, पण सुट्या मालाची मागणी काही त्या बाजाराबरोबर संपली नाही.

तुमची गाडी कुलूपबंद आहे, अलार्म आहे, याचा इथे उपयोग नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली की बोंबलतो. गाडी जॅकवर उचलली तर त्याला पत्ताच नसतो. गाडी तिरकी होतेय हे ओळखणारा सेन्सर असतो, पण तो बव्हंशी महागड्या जर्मन गाड्यांत.

नुकसानाचा हिशेब मांडा. मूळ कंपनीचा १७ इंची अलॉय एकेक दहा हजारांच्या पुढेच जातो, त्यावर २१५/६० आर१७ टायर एकेक आठ-दहा हजारांचा. वरच्या मॉडेलात प्रत्येक चाकात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तोही गेला. चार चाकांचे म्हणजे ऐंशी हजार ते लाखाच्या घरात. दगडावर ठेवताना गाडी घसरली तर ब्रेकची डिस्क, खालचा आर्म, दाराखालची पट्टी यांचं काय होईल ते वेगळं. आणि चाकं नसलेली गाडी हलवायची कशी, हा प्रश्न सकाळी सात वाजता सुचतो. साधी टोइंग व्हॅन कामाची नाही, चाकं आणून लावल्याशिवाय गाडी सहसा जागची हलत नाही.

एवढ्यासमोर साडेचार हजार जास्त नाहीत. पण साडेचार हजारात तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते समजून घ्या. लॉक नट चाक ‘चोरीला जाऊच शकत नाही’ असं करत नाही. तो चोराचा वेळ वाढवतो आणि त्याला आवाज करायला लावतो, बस. रस्त्यावर उभ्या गाडीला, जिथे वॉचमन निदान अधूनमधून चक्कर मारतो आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी जागं असतं, तिथे याला भरपूर किंमत आहे. एखाद्या ओसाड प्लॉटवर, महिना महिना गाडी उभी राहते तिथे, चोराला वेळच वेळ आहे आणि आवाज ऐकायला कुणी नाही. तिथे उत्तमातला उत्तम लॉक नटसुद्धा निघतो. तुमच्या ॲडव्हायझरने ‘गरज नाही’ म्हणताना गाडी रात्री कुठे असते हे विचारलं का? बहुधा नसेल. त्याची अडचण मला माहीत आहे: वर्कशॉपमध्ये लॉक नटवाली गाडी आली की पोरांना चावी शोधावी लागते, कामाला उशीर होतो, चावी तुटली तर भांडण. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तुमच्या जागी नाही.

सेटमध्ये चार नट येतात, प्रत्येक चाकाला एक. मूळच्या पाचांतला एक काढायचा, तिथे हा लावायचा. बाकी चार नट नेहमीचेच. कुणी विचारतं, एकच का, पाचही का नाहीत? कारण चाक अडवायला एक पुरतो, आणि पाचही लावले तर पंक्चरच्या वेळी तुमचीच दमछाक होते. चावी म्हणजे लहानसं सॉकेट; एका बाजूने त्यात नटाच्या नक्षीला बसणारे खाचखळगे, दुसऱ्या बाजूने नेहमीच्या पान्याला बसणारं षटकोनी डोकं.

या नटांत फरक कुठे असतो ते हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. स्वस्त सेटमधला नट आडवा धरा. बाहेरच्या गोल भिंतीवर खोल, रुंद खाचा दिसतील, पाकळ्यांसारख्या. चोराला हव्या तशा या खाचा. बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान असं बारा कोनांचं सॉकेट घ्यायचं, हातोड्याचे दोन-तीन दणके घालून त्या पाकळ्यांवर ठोकून बसवायचं, आणि पाना फिरवायचा. सॉकेट वाया जातं, नट निघतो. याहून सोपं हत्यार म्हणजे आतून उलटे पीळ असलेलं सॉकेट. गोल झालेले नट काढायला ते बनवलेलं असतं, आमच्याकडेही आहे, प्रत्येक टायरवाल्याकडे असतं, आणि ऑनलाइन कुणालाही मिळतं. ते नटावर ठेवून उघडायच्या दिशेने फिरवलं की दात रुततात, जितका जोर लावाल तितके जास्त रुततात. आमच्या दुकानातला पोरगा नऊशेवाला नट चावीशिवाय काढायला चहा थंड होऊ देत नाही.

चांगल्या नटात दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, नक्षी बाहेरच्या भिंतीवर नसते. तोंडावर, एका बारीक, वळणावळणाच्या खोबणीत असते. खोबणी इतकी अरुंद की तिच्यात दुसरं काही ठोकून बसवायला जागा नाही. दोन, बाहेरून एक सैल कडं असतं, ते नटाभोवती मोकळं फिरतं. पिळाचं सॉकेट ठोकलं तर दात त्या कड्यात रुततात, कडं गरागरा फिरतं आणि नट जागच्या जागी. शिवाय पोलाद कडक केलेलं असतं. अमेरिकेतली मॅकगार्ड ही कंपनी यातलं जुनं नाव. तिचे नट परदेशात कित्येक गाड्यांना कारखान्यातूनच लागून येतात. आपल्याकडे आयात केलेले मिळतात, महाग पडतात, आणि नकलाही फिरतात. मी ब्रँडवर अडून बसत नाही. दुकानात गेलात की कडं फिरतं का ते बोटाने बघा, खोबणी किती अरुंद आहे ते बघा, आणि डब्यात चावीचा नंबर लिहिलेलं कार्ड आहे का ते बघा. नंबरच नसेल तर हरवलेली चावी परत मिळायचा मार्ग नाही.

अजून एक गंमत दुकानातच करून बघता येते. त्याच कंपनीचे दोन डबे उघडायला सांगा आणि एकाची चावी दुसऱ्याच्या नटाला लावून बघा. बसली, तर सगळ्या गावाची चावी एकच आहे असं समजा आणि बाहेर पडा. स्वस्त मालात हे सर्रास होतं. आणि ‘स्प्लाइन’ म्हणून जे बारीक, रंगीत, उभ्या रेघांचे नट विकतात ते बहुतेक करून कुलूप नसतातच. बाहेरून घेतलेल्या अलॉयची नटाची भोकं अरुंद असतात, तिथे नेहमीचं सॉकेट शिरत नाही, म्हणून ते सडपातळ नट बनवलेत. त्यांची चावी सहा किंवा सात रेघांची, सगळीकडे मिळणारी. विकणारा त्यालाच ‘अँटी-थेफ्ट’ म्हणून खपवतो.

आता जे सांगतोय ते चोरीपेक्षा महत्त्वाचं आहे. लॉक नट चुकीचा बसला तर चोर लागतच नाही, चाक आपणहून निघू शकतं. तीन मापं जुळली पाहिजेत.

पहिलं आट्यांचं. तुमच्या क्रेटाला १२ मिलिमीटर जाडीचा स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो दांडा, आणि १.५ चे आटे. मारुतीला १२ मिलिमीटरच, पण आटे १.२५ चे. दिसायला सारखेच. १.२५ च्या स्टडवर १.५ चा नट सुरुवातीला एक-दोन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि मग कुणीतरी गन लावतो. गेले आटे. फोक्सवॅगन, स्कोडाला तर नट नसतातच, १४ मिलिमीटरचे बोल्ट असतात; त्यांना लॉक बोल्ट वेगळा लागतो आणि त्याची लांबीही मूळ बोल्टइतकीच हवी.

दुसरं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते, बैठकीचं. नट रिमला जिथे टेकतो ती जागा. ह्युंदाई, मारुतीत ती निमुळती असते, साठ अंशांच्या शंकूसारखी. होंडाच्या मूळ रिमला गोलाकार, चेंडूच्या पाठीसारखी. टोयोटाच्या काही मूळ अलॉयना सपाट, वॉशरवाली. गोल बैठकीत निमुळता नट लावला तर तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक गोल रेघेवर टेकतो. गॅरेजमध्ये घट्ट वाटतो. पुढे कुठेतरी घाटात, ब्रेक तापल्यावर, ॲल्युमिनियम दबतं आणि नट ढिला पडतो. होंडा सिटीला ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असा सेट लावून चाकातून खटखट आवाज येतो म्हणून गाडी येते, कॅप काढून बघावं तर रिमच्या भोकाभोवती चमकती घासलेली कडी उमटलेली असते. ती रिम परत वापरण्याजोगी राहीलच असं नाही. तेव्हा विकणाऱ्याला ‘क्रेटाला बसेल का’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. मूळ नट काढून सोबत न्या, दोन्ही बैठका शेजारी धरून बघा. आणि अलॉय बाहेरचे असतील तर गाडीचं नाव बाजूला ठेवा, बैठक रिमची बघायची.

तिसरं लांबीचं. नट स्टडवर किमान स्टडच्या जाडीएवढा तरी चढला पाहिजे. म्हणजे आपल्या गाडीला १.५ च्या आट्यांवर आठ पूर्ण फेरे. बंद तोंडाच्या नटात स्टड आतल्या टोकाला आधीच टेकला तर टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की आवाज करणारा पाना, ‘टक’ करतो, पण रिम घट्ट झालेली नसते.

वजनाची काळजी करू नका. लॉक नट मूळ नटापेक्षा थोडा जड असतो, पण तो चाकाच्या मध्याच्या इतका जवळ असतो की बॅलन्सिंगला जाणवत नाही. कुणी त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

बसवताना नट हाताने फिरवून आत न्यायचा. हाताने जात नसेल तर थांबायचं. बाकीचे चार नट आधी तिरके-तिरके घट्ट करायचे, लॉक नट शेवटी. काढताना उलट, लॉक नट सगळ्यात आधी, बाकीचे घट्ट असताना, म्हणजे सगळा ताण त्याच्या एकट्यावर येत नाही. ह्युंदाईला ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे साधारण १०७ ते १२७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आट्यांना तेल, ग्रीस काही लावायचं नाही. हे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात, तेल लावलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर फिरून आलात की पुन्हा एकदा टॉर्क बघून घ्या.

आणि गन लावायची नाही. हे मी बसवणाऱ्यालाही सांगतो आणि गिऱ्हाइकालाही. चावीच्या आतल्या कडा पातळ असतात. गनचा ठोका त्यांना सहन होत नाही. एक कडा उडाली की चावी पुढच्या वेळी नटावर घसरते, आणि घसरलेल्या चावीने नटाची खोबणीही खराब होते. सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर लिहून घ्या: ‘लॉक नट आहेत, चावी दिली, हातपान्यानेच काढणे.’ नुसतं तोंडी सांगितलेलं काउंटरपासून काम करणाऱ्या पोरांपर्यंत पोचत नाही. गाडी परत घेताना चावी परत आली का ते तिथेच, गेटच्या आत बघा. लोकांच्या चाव्या हरवतात त्या घरात नाहीत, वर्कशॉपमध्ये. पोरं काम झाल्यावर चावी पान्यालाच लागलेली सोडतात, पाना ट्रॉलीत जातो, ट्रॉली दुसऱ्या गाडीकडे.

चावी ठेवायची कुठे? गाडीतच, नाहीतर रस्त्यात काय करणार. पण ग्लोव्ह बॉक्समध्ये नको. काच फोडून चोर पहिला हात तिथेच घालतो. डिकीत स्टेपनीखालीही नको, सगळ्यांना ती जागा माहीत असते. तुमच्या गाडीत तुम्हाला सुचेल अशी एखादी आडजागा शोधा आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना ती दाखवून ठेवा. हे दाखवणं लोक विसरतात. नवरा दौऱ्यावर, बायको एक्स्प्रेसवेवर पंक्चर, रोडसाइडवाला आलाय आणि चावीचा पत्ता फक्त फोन न उचलणाऱ्या माणसाला माहीत, असे फोन दुकानात येतात. नंबरचं कार्ड मात्र घरी, गाडीच्या कागदांबरोबर, आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये.

तुमच्या रत्नागिरीच्या खेपांबद्दल दोन गोष्टी. आंबा घाटात रात्री पंक्चर झालं तर लॉक नट डोकेदुखी ठरेल ही भीती पूर्वी जास्त खरी होती. आता टायर ट्यूबलेस आहेत. साधा खिळा असेल तर चाक न काढता, स्टीअरिंग वळवून, जागेवरच पट्टी मारता येते. चाक काढायची वेळ येते ती बाजूची भिंत फाटली किंवा रिमला मार बसला तर. तेव्हा चावी हवीच, आणि ती चालते का हे घाटात पहिल्यांदा कळू नये. सेट बसवला की त्याच आठवड्यात घरासमोर, गाडीसोबत आलेल्या पान्यानेच एक नट सोडवून परत घट्ट करून बघा. कित्येक चाव्यांचं डोकं मूळ पान्याच्या मापाचं नसतं; ह्युंदाईचा पाना २१ चा आणि चावीचं डोकं १९ चं, असं निघालं तर आत्ताच दुसरा पाना डिकीत टाकून ठेवा. तुमचे मूळ चार नटही डिकीत असू द्या. क्रेटाची स्टेपनी स्टीलची आहे, ती लावाल तेव्हा त्यावर मूळचा नट लावला की झालं, दोन दिवस स्टीलच्या चाकाला कुलूप लागत नाही.

दुसरी गोष्ट कोकणच्या हवेची. खारी, दमट हवा आणि पावसाळा. नटावरचं क्रोम निघालं की गंज धरतो, आणि खोबणीत चिखल वाळून बसला तर चावी अर्धीच बसते. अर्ध्या बसलेल्या चावीवर जोर लावला की ती तुटलीच म्हणून समजा. चावी लावण्याआधी काडीने किंवा जुन्या टूथब्रशने खोबणी साफ करायची सवय ठेवा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर अदलाबदल करताच, तेव्हा लॉक नट आपसूक उघडला जातो. वर्ष-दीड वर्ष कुणी हातच लावला नाही तर मात्र तो चिकटतो.

चावी हरवलीच तर घाबरू नका, पण घाईही करू नका. नंबर असेल तर नवी चावी मागवता येते. आयात मालाला वेळ लागतो, तोवर गाडी चालते, तिला काही झालेलं नाही. नंबर नसेल तर तोडावं लागतं. आधी पिळाचं सॉकेट. ते जमलं नाही, आणि फिरत्या कड्याच्या नटावर ते जमतच नाही, तर त्या नटावर दुसरा जुना नट ठेवून आतून वेल्डिंगचा टाका मारायचा. उष्णतेने आटे सुटे होतात आणि वेल्ड केलेल्या नटाला पाना लागतो. भोकाभोवती ओलं फडकं आणि पत्रा लावला नाही तर अलॉयचा रंग गेलाच. ड्रिल हा शेवटचा मार्ग. कडक पोलादावर बिट जातात, आणि हात घसरला तर रिमला ओरखडा. अशा कामाला ज्याच्याकडे वेल्डिंग रोजचं आहे त्याच्याकडेच जा.

जुनी जर्मन गाडी घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. त्यांच्यात कित्येकदा कारखान्यातूनच लॉक बोल्ट लागून येतो आणि चावी टूलकिटमध्ये असते. पहिल्या मालकाकडून दुसऱ्याकडे, तिथून दलालाकडे, या प्रवासात ती चावी गळते. गाडीचा सौदा करताना डिकी उघडून टूलकिट बघा आणि चावी एका चाकाला लावून बघा.

लॉक नट कुणी घेऊ नयेत? स्टीलच्या रिमवाल्यांनी. बंद गॅरेज किंवा वॉचमन असलेल्या तळघरात गाडी ठेवणाऱ्यांनी. दर महिन्याला दुसरा ड्रायव्हर असतो अशा टॅक्सीवाल्यांनी. चावी आठवड्यात गायब होते. आणि ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकते, एर्टिगा, ट्रायबर, इनोव्हा क्रिस्टा, स्कॉर्पिओ, त्यांनी आधी तिचा बंदोबस्त करावा. ती काढायला जॅकही लागत नाही. मागून रॉड घालून फिरवला की साखळी सैल होते आणि चाक आपणहून खाली उतरतं. रॉड घालायच्या भोकाला कुलूप मिळतं, किंवा स्टेपनीच्या मधल्या भोकातून जाड, प्लॅस्टिकच्या वेष्टनाची साखळी काढून चासीला कुलूप लावता येतं. मागच्या दारावर स्टेपनी मिरवणाऱ्या थारवाल्यांना लॉक नट तिथेच पहिला लावा असं सांगतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विम्याचं बघून ठेवा. पॅकेज पॉलिसीतही, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या पॉलिसीत, टायरचं एकट्याचं नुकसान साधारणपणे मिळत नाही, गाडीचंही नुकसान झालेलं असावं लागतं, आणि मग टायरच्या किमतीच्या ५० टक्केच. चाकांच्या चोरीचा दावा कसा धरतात हे तुमच्या कंपनीला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मूळचे सोडून बाहेरचे अलॉय घातले असतील तर ते पॉलिसीत वेगळे नोंदवून त्यांचा हप्ता भरलेला हवा, नाहीतर दाव्यात ते धरले जात नाहीत. आणि आजच, चाकं जागेवर असताना, चारही रिमचे आणि टायरवरच्या नंबरांचे फोटो काढा. चोरी झालीच तर गाडी दगडांवर तशीच ठेवून आधी फोटो, मग पोलीस, मग विमा कंपनीचा फोन. सर्व्हेअर येईपर्यंत तिला हलवायची नाही.